गुणकर्मविभागशः, आणि देवळाची पायरी

तळीकाठची (शनिवार रात्री)
नमस्कार सगळ्यांना. मी इथं जास्त करून वाचतेच, लिहीत नाही, पण गेले आठ दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही अंत्रुज महालातले, म्हणजे गोव्यात फोंड्याकडचे. देवळाचं नाव मुद्दाम देत नाही, आणि कुणी ओळखलं तरी कृपया लिहू नका, कारण हे एका देवळाचं नाहीच. सभामंडपात मुलांची गीता पठणाची स्पर्धा झाली, यंदा चौथा अध्याय होता. माझी मुलगी सहावीत आहे, तिची एक मैत्रीण त्याच वर्गात, दोघी महिनाभर आमच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, बसून पाठ करत होत्या. मैत्रिणीचा उच्चार इतका स्वच्छ की माझ्या सासूबाई, ज्या कुणाचं कौतुक सहसा करत नाहीत, त्या आतली कामं टाकून दारात येऊन ऐकायच्या. पहिला नंबर तिचाच आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खरंच मनापासून वाजवल्या.

बक्षीस झालं, आरती झाली, मग मुलं तीर्थाला आत गाभाऱ्यापुढच्या चौकात निघाली. तीही निघाली. तेवढ्यात तिच्या आजीनं मागून तिचा हात धरला. "हांगाच राव बाय." इथंच थांब, एवढंच. कुणी अडवलं नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं, पाटीबिटी काही नाही तिथं. आजीनं हात घट्टसुद्धा धरला नव्हता, रस्ता ओलांडताना आपण पोराचा धरतो ना, सवयीनं, तसा. एका हातात ट्रॉफी आणि दुसरा हात आजीच्या हातात अशी ती पायरीपाशी उभी राहिली. भटजी पळी घेऊन बाहेर आले आणि वरूनच तीर्थ घातलं. तिनं ट्रॉफी काखेत धरून ओंजळ केली.

रात्री माझी मुलगी विचारते, "आई, तेरावा श्लोक तिनंच सगळ्यात छान म्हटला ना? त्यात तर देव सांगतो की गुण आणि कर्म बघून केलंय म्हणून. मग ती आत का नाही आली?"

मी तिला झोप म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. तेव्हापासून विचार करतेय की आपल्या धर्मात जात नक्की कशानं ठरते, जन्मानं की वागण्यानं? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी लिहा. आणि अभ्यास नसला तरी अनुभव असेल तर तो लिहा.

गिरगावात गोंयकार
ताई, उत्तर तुमच्या मुलीनंच दिलंय. "चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः". जन्म हा शब्द आहे का त्यात कुठं? नाही. विश्वामित्र क्षत्रियाचा ब्रह्मर्षी झाला, व्यासांची आई कोळ्याच्या घरी वाढलेली, विदुर दासीपुत्र. मूळ व्यवस्था गुणांचीच होती, मधल्या काळात लोकांनी स्वार्थासाठी ती बिघडवली. आपण मुलांना मूळ गोष्ट शिकवावी एवढंच, बाकी आपोआप होईल.

पाठशाळा79
मी डिचोलीकडे पौरोहित्य करतो, वडील आणि आजोबाही तेच करायचे. विषय माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, आणि शक्य तितकं प्रामाणिक लिहितो.

गिरगावकर म्हणतात ते अर्ध बरोबर आहे. गुणाच्या बाजूनं शास्त्रात भरपूर आहे आणि ते कुणी मागाहून घुसडलेलं नाही. वनपर्वात नहुष अजगर होऊन भीमाला विळखा घालतो तेव्हा युधिष्ठिराला विचारतो, ब्राह्मण कोण? युधिष्ठिर म्हणतो, सत्य, दान, क्षमा, शील जिथं दिसतं तो. अजगर म्हणतो, हे तर शूद्रातही सापडतं. त्यावर युधिष्ठिर कचरत नाही, सरळ सांगतो की मग तो शूद्र नव्हे, आणि ज्याच्यात हे नाही तो ब्राह्मण नव्हे. पुढं तर असंही म्हणतो की माणसांत इतका संकर झालाय की जात तपासून ठरवणं कठीण आहे असं माझं मत. यक्षप्रश्नातही तेच, कुळ नाही, पाठांतर नाही, वृत्त म्हणजे आचरण. ऐतरेय ब्राह्मणात कवष ऐलूष येतो, त्याला दासीचा मुलगा म्हणून ऋषींनी सत्रातून हाकलून दिला, वाळवंटात नेऊन सोडला, तिथं त्याला सूक्त दिसलं आणि मग त्याच ऋषींना त्याला परत बोलवावं लागलं. ते सूक्त आज ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे.

आता दुसरं अर्ध. अनुशासनपर्वात मतंगाची गोष्ट आहे. ब्राह्मणाच्या घरी वाढलेला पोरगा, आपला जन्म वेगळा असल्याचं त्याला एका गाढवीच्या तोंडून कळतं, मग तो घोर तप करतो, आणि इंद्र पुन्हा पुन्हा येऊन सांगतो, बाकी काहीही माग, ब्राह्मणत्व मागू नकोस, या जन्मी मिळायचं नाही. तेच महाभारत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वर्ण सवर्ण आईबापांच्या पोटी जन्मण्यावरच ठेवलाय. आणि सत्यकाम जाबालाची छांदोग्यातली गोष्ट आपण सगळे गुणाचा दाखला म्हणून सांगतो ना, आई सांगते तुझं गोत्र मला माहीत नाही, तो तसंच गुरूला सांगतो, गुरू गौतम म्हणतात असं खरं बोलणं अब्राह्मणाला जमायचं नाही, समिधा आण. मी पण कीर्तनात ती तशीच सांगत आलोय. पण ब्रह्मसूत्रात जिथं शूद्राला वेदाचा अधिकार आहे का याची चर्चा आहे तिथं हाच प्रसंग उलट बाजूनं येतो, आणि शंकराचार्यांच्या भाष्यात तो असा लावलाय की गौतमांनी आधी हा शूद्र नाही याची खात्री केली, मगच मुंज केली. म्हणजे खरेपणा हा गुण राहिला नाही, जन्माचा पुरावा झाला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पोथी मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

तेव्हा शास्त्रात काय आहे असं विचाराल तर दोन्ही आहे. व्यवहारात कुठलं निवडलं ते मात्र आपण सगळे जाणतो.

पेडणेकार
ताई, ती आजी आमच्यातली. म्हणजे त्या घराला मी ओळखत नाही, पण तो हात ओळखतो. माझ्या आईनं माझा तस्साच धरला होता.

आमच्या घरी बांबूचं काम. चवथीच्या आधी ओवशाची सुपं विणायला घरात कुणाला झोप नसते, बाबा कोयत्यानं बेळं काढतात, आई विणते, बोटांना कापडाच्या चिंध्या बांधून. ती सुपं सगळ्या गावात जातात, देवापुढे जातात, त्यांना विटाळ नाही. ज्या हातांनी विणली ते हात पायरीखाली. आता हा गुण म्हणायचा की कर्म म्हणायचं? दोन्ही असेल तर त्याचा निकाल कुठं लागला?

गिरगावात गोंयकार, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय हे मला दिसतं, पण "मूळ व्यवस्था गुणांची होती" हे वाक्य ऐकलं की मला त्रासच होतो. समजा गुणांची होती. गुण कुणी तपासायचे? कुठल्या वयात तपासायचे? नापास झालेल्या ब्राह्मणाला खाली आणणारं ऑफिस कुठं होतं? बाबासाहेबांनी 1936 मध्ये जातिनिर्मूलनावरच्या त्या भाषणात, जे लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं होऊच दिलं नाही आणि त्यांना स्वतः छापावं लागलं, त्यात आर्यसमाजाला हेच विचारलं, की तुमचं चातुर्वर्ण्य जर गुणाचं आहे तर ब्राह्मण क्षत्रिय वैश्य शूद्र ही जन्माची नावं कशाला ठेवता? विद्वानाला विद्वान म्हणा ना. नाव तेच ठेवलं की त्या नावाबरोबरचा उच्चनीचपणा पण तसाच राहतो. गांधीजींनी त्यांच्या हरिजनमध्ये त्याला उत्तर दिलं, त्यात वर्ण म्हणजे बापजाद्यांचा धंदा करणं अशीच मांडणी होती. मग माझ्यासारख्या पोरानं काय, सुपंच विणायची? मी आयटीआय केलंय, इलेक्ट्रिशियन आहे, गावातल्या निम्म्या घरांतलं वायरिंग मी केलंय, देवघरातल्या बल्बासकट.

आणि जातीचा दाखला जन्मानंच मिळतो मग तुम्हीपण जन्मच मानता असं इथं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. मार लागला तो जन्म बघून लागला, म्हणून मलमपण जन्म बघून लावावं लागतं. मार थांबला की मलम नको.

तानपुरा
पेडणेकार, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

मी गोमंतक मराठा समाजातली. हे नाव आमच्या मागच्या पिढ्यांनी निवडून घेतलं, त्याआधी लोक आम्हाला कलावंत, देवळी, बांदे असं वेगवेगळं म्हणायचे आणि कसं म्हणायचे ते लिहावंसं वाटत नाही. माझ्या पणजीचा शेंस झाला होता, म्हणजे देवाशी लग्न. ती पालखीपुढं गायची. देवाच्या इतक्या जवळ कोण होतं सांगा, पण तिच्या मुलांना महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरेनं चालत आलेल्या सभासदांच्या, यादीत जागा नव्हती. ती गाते की नाही, कशी गाते, व्रतवैकल्यं किती कडक पाळते, कशाचाच उपयोग नव्हता, कुणाच्या पोटची एवढंच बघितलं जायचं. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, याच समाजातून आल्या. केसरबाईंची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून पृथ्वीबाहेर गेली, माणसांचा आवाज म्हणून. आणि इथं गोव्यात त्यांच्या समाजातल्या बायकांना शाळेत आईचं नाव सांगताना मान खाली घालावी लागत होती.

आमच्यातले राजाराम पैंगीणकर यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव "मी कोण?". तुमच्या धाग्याचा प्रश्न दोन शब्दांत आहे तो. आणि 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले ते आमच्यातले. पण माझी आजी एक गोष्ट सांगायची, ती मला पटते. ती म्हणायची आम्ही वर आलो ते कुणी आमचे गुण बघून दार उघडलं म्हणून नाही. शेंस आम्ही बंद केला, आमची नावं आम्ही बदलली, मुलींची लग्नं लावली, शिकवलं, पैसे गोळा करून वसतिगृहं काढली. दार उघडायची वाट बघत बसलो असतो तर अजून पालखीपुढंच गात असतो.

म्हापसा शुक्रवार
जरा वेगळं लिहितो. सगळं खापर शास्त्रावर फोडू नका असं मला वाटतं. माझे निम्मे दोस्त किरिस्तांव म्हणजे ख्रिश्चन, बार्देसातले. चारशे वर्षांपूर्वी बाटवले गेले, मनू सुटला, गीता सुटली, मुंज सुटली. जात सुटली? लग्न ठरवताना बामण, चार्दो, सुदीर आजपण हळू आवाजात विचारतातच, आणि पूर्वी तर चर्चच्या कोंफ्रारी, म्हणजे भाविकांची मंडळं, तीसुद्धा वेगळी होती, कुणी कुठल्या रंगाचा झगा घालून मिरवणुकीत चालायचं ते जातीवर ठरायचं. तिथं कुठला श्लोक होता? म्हणजे ही गोष्ट पोथीपेक्षा जमीन, लग्न आणि मान यांत जास्त रुतलेली आहे. श्लोकाचा अर्थ बदलून ती हलायची नाही.

मांडावरचो
तिसवाडीतला. आम्ही नवहिंदू गावडे. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी केली तेव्हा आमचे पणजोबा परत हिंदू झाले. पोर्तुगीज राज्य असताना, पाद्री नाराज, भाटकार म्हणजे जमीनदार नाराज, तरी झाले. आता तुम्हीच सांगा, श्रद्धेसाठी याहून मोठं कर्म काय असतं? गुणकर्मविभागशः खरं असतं तर त्या दिवशी आमचं नाव बदलायला हवं होतं. बदललं, पण काय झालं, "नव" लागलं. किरिस्तांव गावड्यांनी सोयरीक सोडली, हिंदू गावड्यांनी केली नाही. एक नवीन जात झाली आणि त्यातपण जन्मानंच जायचं. शंभर वर्षं होत आली, अजून नवच आहोत. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा 2003 मध्ये अनुसूचित जमातीत समावेश झाला तेव्हा दाखल्यासाठी आम्हालाही पुन्हा तीच कुळी शोधत बसावं लागलं.

आमच्या मांडावर, म्हणजे आम्ही सगळे जमतो त्या पवित्र जागेवर, मात्र कुणी भट नसतो. आमचाच माणूस गाऱ्हाणं घालतो, आमचाच नारळ ठेवतो. देव ऐकतो अशी आमची श्रद्धा आहे. शिकलेलो नाही फार, चूक असेल तर सांगा.

पाठशाळा79
मांडावरचो, काही चूक नाही तुमचं. उलट तुमच्याकडून मी आज शिकलो.

गिरगावात गोंयकार
मी काल लिहिलं ते जरा पटकन लिहिलं. "आपोआप होईल" हे शब्द मागे घेतो. पण गीतेचा तो श्लोक निकालात काढू नका असं अजूनही वाटतं. माझे आजोबा गिरणीत होते, विठ्ठलभक्त, त्यांचा सगळा आधार हाच होता की चोखोबा, तुकोबा, सावता माळी यांना देवानं जवळ केलं ते भक्ती बघून. शिऊरच्या बहिणाबाई जन्मानं ब्राह्मण, त्यांनी तुकोबांना गुरू केलं, घरात मार खाल्ला पण सोडलं नाही, आणि ब्राह्मण कोण हे सांगणारी वज्रसूची त्यांनी मराठी अभंगांत आणली. शरीर ब्राह्मण नव्हे, जात ब्राह्मण नव्हे असं एकेक बाजूला करत जाते ती. तीनशेच्यावर वर्षं झाली त्याला. हे आपलंच आहे, ते का सोडायचं?

पेडणेकार
सोडू नका. मी पण चोखोबांच्या पायरीवर डोकं ठेवून आलोय. पण बघा, पायरीवरच. त्यांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि देवळात आत जायला आमच्या लोकांना 1947 उजाडावं लागलं, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठं. मधली सहाशे वर्षं अभंग गातच होते की सगळे, तेच लोक, त्याच देवळात.

पाठशाळा79
पेडणेकारांच्या या पोस्टला माझ्याकडे उत्तर नाही. रात्रभर विचार केला, त्यातून एवढंच वाटतंय की आम्ही भिक्षुकांनी "गुण" हा शब्द फार सोयीनं वापरला. दुसऱ्याला आत घ्यायची वेळ आली की गुण कमी पडतात आणि स्वतःच्या मुलाला गादीवर बसवायची वेळ आली की जन्म पुरतो. माझ्या मुलाला रुद्र येत नाही, तो बंगळुरूला नोकरी करतो, तरी उद्या परत आला तर माझी यजमानकी त्याचीच. आणि केरळात 2017 मध्ये त्रावणकोर देवस्वोम बोर्डानं परीक्षा घेऊन 36 अब्राह्मण पुजारी नेमले, त्यात सहा दलित. त्याच्या आधी 2002 मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलं होतं की विधी नीट येत असतील तर पूजा करायला ब्राह्मण जन्म लागत नाही. म्हणजे गुण तपासायची परीक्षा घेता येते. आम्हीच कधी घेतली नाही.

ताई, तुम्ही त्या दिवसाचं लिहिलंत त्यातली एक गोष्ट मला सारखी टोचते. भटजींनी वरून तीर्थ घातलं. मीही असंच घालतो. लहानपणी वडिलांचा हात बघून शिकलो, पळी केवढी उंच धरायची ते. कुणासाठी खाली आणायची आणि कुणासाठी नाही हे मला कुणी शब्दात शिकवलेलं नाही, पण हाताला माहीत आहे.

तळीकाठची (गुरुवार)
सगळ्यांचं वाचलं, काही पोस्ट सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवल्या. त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या की आपल्या घरातली यादी काढ. यादी म्हणजे महाजनांची नोंद, पोर्तुगीज काळापासूनच्या नियमानं चालते, बापाकडून मुलाकडे. त्यात माझ्या नवऱ्याचं नाव आहे, सासऱ्यांचं आहे. सासूबाई म्हणाल्या, "पंचावन्न वर्षं देवाची फुलं मी ओवतेय, माझं नाव बघ कुठं आहे का." नव्हतं. माझ्या मुलीचंही असणार नाही. हे मला माहीत होतं, पण असं शोधून कधी बघितलं नव्हतं.

मुलीला काल उत्तर दिलं. मी म्हटलं, श्लोकात गुणकर्म म्हटलंय ते खरं, पण माणसांनी जन्म बघितला आणि अजून बघतात, आणि तुझ्या मैत्रिणीला आत यायला पहिला नंबर यायची गरजच नव्हती. नापास झाली असती तरी आत यायला हवी होती. यावर ती म्हणाली की मग त्या दिवशी तू का नाही तिला आत घेऊन आलीस? तू तर तिथंच होतीस.

होतेच. प्रसादाची ताटली हातात घेऊन उभी होते.

आता नवऱ्याच्या सहीनं समितीला अर्ज देतोय, कारण माझी सही चालत नाही. मागणी एवढीच की पुढच्या वर्षी बक्षीस आत चौकात द्यावं आणि तीर्थ सगळ्या मुलांना एका रांगेत, हातावर पळी टेकवून द्यावं. दोन महाजनांनी सही करतो म्हटलंय, एकानं विचार करून सांगतो म्हटलंय, बाकीचे फोन उचलत नाहीत. मैत्रिणीच्या आईला विचारल्याशिवाय अर्जात मुलीचा उल्लेख करणार नाही. काल त्यांच्या घरी गेले होते. आजी विणत बसली होती, मला बसायला पाट दिला, कोकम सरबत दिलं. मी विषय काढला तर म्हणाली, "बाय, म्हाका कांय वायट दिसूंक ना. तिका दिसलां." मला काही वाईट वाटलं नाही, तिला वाटलं.

पाठशाळा79
अर्जाला पुरोहिताचं पत्र जोडायचं असेल तर मी देतो, वनपर्वातला तो संवाद आणि कोर्टाच्या निकालाचा उल्लेख घालून, माझ्या नावानिशी. रविवारी अनुष्ठान आहे ते अकराला संपेल, मग फोंड्याला येतो.

पेडणेकार
ताई, चौकातला माइक आणि लाइट मी फुकट करून देतो. पुढच्या वर्षी कुठला अध्याय आहे?

तळीकाठची
बारावा. दोघींनी कालपासून सुरू केलाय.